साथीची वंशावळ

चंदीगड शहरात माणसाला आळी नसते, पेठ नसते, वाडाही नसतो. असतो तो केवळ आकडा. आमचे बिऱ्हाड सेक्टर ३२ मध्ये आहे असे प्रथम गावी कळविले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांची अशी समजूत झाली की आम्हांस एखाद्या लष्करी छावणीत राहावयास धाडले आहे. पुढे सवयीने हा आकडाच आमचा पत्ता झाला, आणि पत्ता या क्षुल्लक वस्तूला किती महत्त्व असते हेही याच आकड्याने आम्हांस शिकविले. त्याची हकीकत पुढे येईलच.

बत्तिसाव्या सेक्टरास आकड्याखेरीज आणखी एक ओळख आहे. तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय आहे. रिक्षावाल्यापाशी नुसते 'बत्तीस' म्हटले तर तो विचारपूस न करता रुग्णालयाच्या दाराशी नेऊन उतरवितो. मार्च २०२० मध्ये या शहरातील करोनाचा पहिला रुग्ण याच रुग्णालयात दाखल झाला. रोग इंग्लंडच्या प्रवासातून आला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत संचारबंदी झाली, रुंद रस्ते ओस पडले, आणि आमच्या पहिल्या मजल्याच्या गच्चीतून पाहण्याजोगे एकच दृश्य उरले. दुपारच्या सुमारास थर्माकोलच्या पांढऱ्या पेट्या गाडीत चढविल्या जात आणि गाडी निघून जाई. त्या पेट्यांत माणसांच्या नाकाघशातून घेतलेले नमुने असत. रोग आहे की नाही एवढे पाहण्याची सोय चंदीगडातच होती; पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत (जिला सारा पंजाब 'पीजीआय' या नावाने ओळखतो), आमच्या सेक्टरातील महाविद्यालयात आणि एकोणचाळिसाव्या सेक्टरातील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत. परंतु पुढल्या वर्षी त्यांतील काही नमुने दिल्लीस जाऊ लागले ते निराळ्याच कामासाठी. रोगी कोण हा प्रश्न तेव्हा मागे पडला होता. रोग कोणत्या कुळीचा, हा प्रश्न पुढे आला होता.

या कुळीच्या शोधाचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळणारे कारकून आहोत. परंतु या प्रकरणाची जसजशी माहिती मिळवीत गेलो, तसतसे आमच्या ध्यानात आले की त्यातील निम्मे काम प्रयोगशाळेचे असले, तरी उरलेले निम्मे आमच्याच जातीचे आहे.

साथीचा माग काढण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढल्या दहा-पंधरा वर्षांत त्या रोगाने मुंबई इलाख्यात हाहाकार उडविला. १८९७ साली पुण्यात घरझडत्यांनी जो असंतोष पेटला आणि रँडच्या खुनापर्यंत गेला, तो प्रत्येक मराठी वाचकास पाठ आहे. त्यानंतरचे एक शांत काम मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत मेलेल्या उंदरांची तपासणी चालविली. उंदीर हजारोंनी येत, आणि प्रत्येकास तो कोणत्या जागी सापडला याची चिठ्ठी बांधलेली असे. त्या चिठ्ठ्यांवरून उंदरांतील साथ आधी आणि माणसांतील साथ काही दिवसांनी, हा क्रम नकाशावर उमटला. चिठ्ठी सुटली तर उंदीर हा नुसता उंदीर. त्याचा इतिहास संपला.

१९१८ च्या साथीस अशी चिठ्ठीही लाभली नाही. आपल्या लोकांनी तिला 'मानमोडी' असे नाव दिले होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारा एक शिपाई व त्याचे सहा सहकारी पोलीस तापाने रुग्णालयात गेले, येथून तिची नोंद सुरू होते. ती पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळरूप घेऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. आगगाडीच्या मार्गाने ती पंजाबपर्यंत पोचली. सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसे त्या काही महिन्यांत दगावली असे आजचे अभ्यासक मानतात. जूनचा ताप आणि ऑक्टोबरचा ताप हे एकाच जंतूचे दोन अवतार होते की मधल्या काळात जंतूनेच कूस बदलली, हे त्या वेळी कोणी सांगू शकले नाही. कारण जंतूच कोणी पाहिला नव्हता. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, आणि १९१८ च्या विषाणूची संपूर्ण अक्षरमाला जुळली ती २००५ साली, अलास्कातील बर्फाळ जमिनीत पुरलेल्या एका प्रेताच्या फुप्फुसाचा तुकडा व लष्करी रुग्णालयांनी जपून ठेवलेले नमुने यांच्या आधारे. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर ऑक्टोबर १९१८ मध्ये हवे होते, त्याची नुसती सामग्री जुळावयास सत्याऐंशी वर्षे लागली.

या वेळी तसे झाले नाही. जानेवारी २०२० च्या ११ तारखेस, शांघायचे प्राध्यापक झांग व सिडनीचे प्राध्यापक होम्स यांनी नव्या विषाणूची अक्षरमाला जगापुढे ठेवली. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारीस केरळात सापडला, आणि केरळच्या रुग्णांच्या नमुन्यांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने भारतातील पहिल्या अक्षरमाला वाचल्या. ही संस्था १९५२ पासून पुण्यात आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हांसारख्यास त्याचा अभिमान वाटला, हे येथे नमूद करण्यास संकोच कशाला?

आता अक्षरमालेवरून कुळी कशी ओळखतात? शास्त्रीय ग्रंथांत याची जी वर्णने आहेत ती वाचून आम्ही बराच काळ गोंधळलो होतो. उलगडा झाला तो आमच्या घरातील एका वहीमुळे. आमचे थोरले काका, ज्यांस आम्ही काकाजी म्हणत असू, अमरावतीस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या घराण्याची वंशावळ जुळविण्याचा उद्योग आरंभिला. भाऊबंदांकडे निरनिराळ्या वह्या होत्या, सर्व एकमेकींवरून उतरविलेल्या. त्यांतील तीन वह्यांत पाचव्या पिढीतील 'सदाशिव' हे नाव 'सखाराम' असे लिहिलेले निघाले. काकाजींनी ताबडतोब निर्णय दिला की या तिन्ही वह्या एकाच चुकलेल्या प्रतीच्या लेकी आहेत. पुढे त्या तिघींपैकी दोघींत आणखी एका सुनेचे माहेर चुकलेले आढळले. म्हणजे त्या दोघी सख्ख्या बहिणी, तिसरी चुलत. बरोबर लिहिलेल्या मजकुरावरून प्रती प्रतीतील नाते कळत नाही. ते कळते चुकांवरून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या १,२५९ पोथ्या जमवून, सुखटणकरांसारख्या पंडितांच्या देखरेखीखाली, १९१९ पासून १९६६ पर्यंत जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिचाही पाया हाच होता.

विषाणूचा जनुकसंच हीही एक पोथी आहे. सुमारे तीस हजार अक्षरांची, आणि तीत वापरलेली अक्षरे अवघी चार. माणसाच्या पेशीत शिरून तो स्वतःच्या नकला काढतो, आणि नक्कल काढताना चुकतो. एका वंशरेषेत साधारणतः महिन्यास दोन चुका पडतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, 'सदाशिव'चा 'सखाराम' झाल्याने घराण्याचे काही बिघडले नाही त्याप्रमाणे. परंतु त्या पुढल्या प्रत्येक नकलेत उतरतात, आणि म्हणून दोन रोग्यांच्या नमुन्यांत सारखीच चूक निघाली की दोघांचा रोग एकाच पूर्वजाचा असे समजावे. पोथी आणि विषाणू यांत एक मोठा भेद मात्र आहे. भांडारकर संस्थेचे पंडित मागे मागे जाऊन मूळ संहिता शोधीत होते. येथे मूळ संहिता जवळजवळ पहिल्याच दिवशी हाती होती, आणि लक्ष ठेवावयाचे होते ते पुढे होणाऱ्या चुकांवर. हजारांत एखादी चूक अशी पडते की नक्कल मूळ प्रतीहून अधिक वेगाने पसरू लागते. तिची गाठ पडली की मग त्या शाखेस स्वतंत्र क्रमांक देतात. एडिंबरोच्या रॅम्बॉ यांनी सहकाऱ्यांसह २०२० च्या जुलैत ही क्रमांकपद्धती प्रसिद्ध केली. तीत शाखेच्या उपशाखेस टिंब देऊन आकडा जोडतात, अगदी आपल्या फायलींच्या क्रमांकाप्रमाणे.

या पद्धतीचा खरा कस लागला तो डिसेंबर २०२० मध्ये. इंग्लंडात बी.१.१.७ ही शाखा झपाट्याने पसरत असल्याचे उघड झाले. तिचा माग लागण्यास एक योगायोग उपयोगी पडला. तेथील एक प्रचलित चाचणी विषाणूच्या तीन जागा तपासून पाही. नव्या शाखेत त्यांपैकी एक जागा उमटेनाशी झाली. दोन जागा दिसतात आणि तिसरी दिसत नाही, एवढ्या खुणेवरून इंग्रज अधिकाऱ्यांनी जिल्हावार तिची वाढ मोजली. भारताने इंग्लंडहून येणारी विमाने थांबविली, आधी आलेल्या प्रवाशांचा शोध घेतला, आणि २९ डिसेंबरला त्यांपैकी सहा जणांत ही शाखा सापडल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस देशातील दहा प्रयोगशाळांचा एक संघ उभा राहिला. त्याचे नाव 'इन्साकॉग'. दहांपैकी दोन पुण्याच्या होत्या. विज्ञान व उद्योग संशोधन परिषदेचे महासंचालक त्या वेळी शेखर मांडे होते, तेही पुण्याच्या पेशीविज्ञान केंद्रातून दिल्लीस गेलेले. बाधितांपैकी शेकडा पाच जणांचे नमुने वाचावयाचे असा संकल्प सोडण्यात आला.

संकल्प आणि सिद्धी यांतील अंतर सरकारी नोकरास सांगावयास नको. आरंभी प्रयोगशाळांना स्वतःच्याच पैशांतून काम रेटावे लागले. मे २०२० मध्ये असा नियम झाला होता की २०० कोटी रुपयांपर्यंतच्या सरकारी खरेदीस जागतिक निविदा काढू नये. स्वदेशी उद्योगास उत्तेजन हा त्याचा हेतू, आणि तो वाईट नव्हे. परंतु अक्षरमाला वाचावयाच्या यंत्रांना लागणारी रसायने या देशात बनत नव्हती. सूट मिळावी म्हणून टिपणे वर गेली, खाली आली, आणि पुढे सूट मिळालीही. अशी टिपणे आम्ही स्वतः लिहिली आहेत, अर्थात निराळ्या विषयांवर. ती किती दिवसांनी परततात हे आम्हांस ठाऊक आहे. विषाणूस मात्र ते ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी २०२१ उजाडला तेव्हा देशभर असा समज होता की साथ ओसरली. आमच्या कचेरीत पूर्ण हजेरी सुरू झाली होती. अशा वेळी वर्तमानपत्रांत अमरावतीचे नाव येऊ लागले. अमरावती, अकोला, यवतमाळ येथे रुग्ण एकाएकी वाढले, आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर अमरावतीस पुन्हा टाळेबंदी झाली. त्या भागातील काही नमुने पुण्यास वाचण्यात आले, आणि सरकारतर्फे सांगण्यात आले की त्यांत इंग्लंड, दक्षिण आफ्रिका वा ब्राझील येथील परदेशी प्रकार आढळला नाही. हे निवेदन खरे होते. आम्ही ते येथे वाचले आणि आमचा जीव भांड्यात पडला. काकाजींना दूरध्वनी केला तर ते म्हणाले, "काही नाही रे, सर्दी आहे. गल्लीत घरोघर झाली." परदेशी पाहुणा आलेला नाही हे आम्ही त्यांना मोठ्या अधिकाराने सांगितले. पाहुण्याच्या शोधात असताना घरातील कुणी बदलले आहे काय, हे पाहण्याचे सुचावयास आणखी महिना जावा लागला.

काकाजी ९ मार्चला वारले. आम्हांस जाता आले नाही.

तेव्हा महाराष्ट्रात जे फिरत होते त्याचे नाव पुढे बी.१.६१७ असे पडले. विषाणूच्या अंगावरील काट्यांच्या प्रथिनात ४५२ व ४८४ या दोन जागी त्याची अक्षरे पालटली होती, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यास 'दुहेरी' असे सोपे व काहीसे फसवे विशेषण लावले. २४ मार्चला आरोग्य मंत्रालयाने जे पत्रक काढले त्यात देशभरच्या १०,७८७ नमुन्यांपैकी ७७१ नमुन्यांत चिंताजनक प्रकार सापडल्याचे म्हटले होते. त्यांपैकी ७३६ इंग्लंडातील प्रकाराचे, ३४ दक्षिण आफ्रिकेतील आणि एक ब्राझीलचा. त्याच पत्रकात पुढे महाराष्ट्राविषयी असेही होते की डिसेंबरच्या तुलनेत या दोन पालटांचे नमुने वाढले असून त्यांचे प्रमाण शेकडा १५ ते २० आहे. पत्रकाचा मथळा पहिल्या गोष्टीस मिळाला. इतिहासाने दुसऱ्या गोष्टीस दिला. पुण्याच्या विषाणू संस्थेतील सारा चेरियन व सहकारी यांनी महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेवर जो निबंध पुढे प्रसिद्ध केला, त्याचा विषय नेमके हेच पालट होते.

आणि त्याच आठवड्यात आम्ही राहतो त्या बाजूस काय चालले होते? पंजाबने १ जानेवारी ते १० मार्च या काळातील ४०१ नमुने वाचावयास पाठविले होते. त्यांचा निकाल २३ मार्चच्या सुमारास आला. शेकडा ८१ नमुने बी.१.१.७ चे निघाले. पंजाबचे इंग्लंडशी नाते काय आहे हे येथे चार महिने काढलेल्या मराठी माणसासही कळते. जालंधर-होशियारपूरकडे क्वचित असे घर असेल की ज्यातले कुणी विलायतेत नाही. चंदीगडचे नमुनेही याच वळणाचे निघाले. म्हणजे त्या मार्चात एकाच विषाणूच्या दोन शाखा या देशात दोन दिशांनी वाढत होत्या. एक आमच्या दारात आणि दुसरी आमच्या गावात. मात्र १ जानेवारीस घेतलेल्या नमुन्याची बातमी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यावी, हे वाचून आम्हांस पानिपत आठवले. येथून ते फार दूर नाही. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची वार्ता घोड्यावरून आणि पायी दहा दिवसांत भेलशापाशी नानासाहेबांस पोचली होती.

एप्रिल-मे महिन्यांचे वर्णन आम्ही करणार नाही. ज्या वाचकांनी ते दिवस पाहिले त्यांस त्याची गरज नाही. वंशावळीपुरते एवढेच सांगतो की बी.१.६१७ च्या तीन उपशाखा झाल्या. वऱ्हाडात प्रथम ज्या जोडपालटाचा गवगवा झाला, तो पहिल्या उपशाखेचा. जिने देश व्यापला ती दुसरी. तिच्यात ४८४ चा पालट नव्हताच, ४७८ चा होता. दिल्लीत एप्रिलच्या आत तिने इंग्लंडच्या शाखेस मागे टाकले, आणि चंदीगडहून मे महिन्यात व जूनच्या आरंभी जे नमुने गेले त्यांतही बहुतेक सारे तिचेच निघाले. मार्चात जी शाखा पंजाबात सर्वत्र होती ती दोन-अडीच महिन्यांत दिसेनाशी झाली. रोगाच्या राज्यात एवढी जलद बदली आम्ही सरकारी खात्यातही पाहिलेली नाही. मेच्या मध्यावर संघाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष शाहीद जमील यांनी राजीनामा दिला.

याच मे महिन्यात आम्ही स्वतः आजारी पडलो. नमुना देण्यास एका केंद्रावर गेलो, तेथे ओळखपत्र म्हणून आधारपत्र दाखविले. खिडकीमागील तरुण घामाघूम झाला होता. मागे रांग होती. त्याने आधारपत्रावरील पत्ता जसाच्या तसा उतरविला. तो पत्ता अमरावतीचा होता. बदलीच्या नोकरीत आपल्यापैकी किती जण प्रत्येक गावी पत्ता बदलून घेतात, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. तिसऱ्या दिवशी ज्वरात असताना वऱ्हाडातून दूरध्वनी आला.

"भाऊ, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. आम्ही घरी येऊन गेलो, तर कुलूप. शेजारी म्हणतात इथे कुणी राहतच नाही. तुम्ही आहात कुठे?"

"चंदीगडला."

"मग इकडे कधी येऊन गेले?"

"दोन वर्षांत आलो नाही, साहेब."

पलीकडील मनुष्य सुजाण होता. त्याने क्षणभर थांबून "काळजी घ्या" म्हटले आणि बहुधा पुढल्या नावाकडे वळला. आम्ही बरे झालो; पण गणती झाली ती अमरावतीच्या आकड्यात. आता समजा, आमचा नमुना दिल्लीच्या पेटीत पडला असता आणि त्याची अक्षरमाला वाचली गेली असती, तर सत्तावीस-अठ्ठावीस तासांच्या आगगाडीच्या अंतरावरील एक ठिपका नकाशावर चुकीच्या जागी बसला असता. नमुन्याबरोबर रोग्याचे वय, प्रवास, लसीकरण, आजाराची तीव्रता हा तपशील नीट येत नाही, ही प्रयोगशाळांची त्या काळातील नित्याची तक्रार होती. परळच्या उंदरास बांधलेली चिठ्ठी आमच्याहून अधिक खरी होती. आम्ही त्या खिडकीमागच्या तरुणास दोष देत नाही. तो रकाना त्याच्या जागी आम्ही भरीत असतो तर आम्हीही तेच केले असते, आणि 'सध्याचा पत्ता' विचारावयास लागणारी दहा सेकंदे वाचविली असती.

नावांचाही एक वाद त्या महिन्यात पेटला. परदेशी वृत्तपत्रे बी.१.६१७ ला भारतीय विषाणू म्हणू लागली. १२ मेला भारत सरकारने त्यास हरकत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मेला ग्रीक अक्षरे दिली. इंग्लंडची ती आल्फा, आपली ती डेल्टा, आणि वऱ्हाडात आधी नजरेस आलेली ती कप्पा. देशाभिमानाच्या दृष्टीने हे ठीकच झाले. परंतु जे आपण जगास सांगत होतो ते घरात पाळीत होतो काय? आमच्या कचेरीतील एक स्नेही, मनुष्य अतिशय सज्जन, ते एप्रिलभर 'तुमच्या अमरावतीवाला' असाच त्या रोगाचा उल्लेख करीत, आणि आम्ही तितक्याच तत्परतेने त्यांना 'तुमचा विलायतवाला' असे ऐकवीत असू. एखादा प्रकार प्रथम जेथे सापडला तेथेच तो जन्मला असे मुळीच ठरत नाही. बी.१.६१७ चा सर्वांत जुना ज्ञात भारतीय नमुना ऑक्टोबर २०२० चा आहे, अमरावतीच्या गलक्याच्या चार महिने आधीचा. जेथे दिवा लावला तेथे वस्तू दिसते. अंधाऱ्या खोलीत काय आहे हे दिवा नसल्याने कळत नाही. १९१८ ची साथ स्पेनमध्ये उपजली नव्हती. महायुद्धात तटस्थ असल्यामुळे तेथील वृत्तपत्रे मोकळेपणाने लिहीत होती, एवढाच स्पेनचा अपराध. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राने 'डेल्टा प्लस'चे २१ रुग्ण जाहीर केले आणि त्यांतले नऊ रत्नागिरीचे निघाले, तेव्हा आमच्या कोकणी मित्रांनाही हा अनुभव आला. रत्नागिरीचे नमुने वाचले गेले होते, हे कोणी ध्यानात घेतले नाही.

दक्षिण आफ्रिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये नवा प्रकार शोधून तत्काळ जगास कळविला, त्याचे बक्षीस म्हणून तिच्याकडील विमाने देशोदेशी बंद झाली. तो ओमिक्रॉन. २६ नोव्हेंबरला त्यास नाव मिळाले, २ डिसेंबरला तो बंगळूरला सापडल्याचे जाहीर झाले, ४ तारखेस डोंबिवलीस, आणि १२ तारखेस चंदीगडला, इटलीहून आलेल्या एका तरुणात. या तारखा पंजाबच्या त्या ४०१ नमुन्यांच्या तारखांशेजारी ठेवून पाहाव्यात. मध्ये अवघे नऊ महिने गेले आहेत. यंत्रणा शिकली होती. पुढे पुण्यासारख्या शहरांत सांडपाण्यातूनही विषाणूची अक्षरे वाचण्याचे काम झाले. त्यास ना रोग्याचे नाव लागते ना आधारपत्र, आणि सांडपाणी जेथले तेथलेच असते. ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. त्यानंतर नमुने देणारेच कमी झाले आणि वंशवृक्षाच्या पुढल्या फांद्या विरळ ठिपक्यांवरून रेखाटाव्या लागल्या.

गेल्या दिवाळीत आम्ही अमरावतीस जाऊन आलो. काकूंनी काकाजींची तांबड्या कापडात बांधलेली वही आमच्या हाती दिली. तिच्या शेवटच्या पानात रुग्णालयाची पावती ठेवलेली होती. नमुना घेतल्याची तारीख, अनुक्रमांक, आणि निकालाच्या रकान्यात एक शब्द. काकूंनी विचारले, "त्यांना जो झाला तो नेमका कोणता होता रे? तू त्याच्यावर लिहितोस म्हणे." आम्ही त्यांस खरे ते सांगितले, की हजारांतील फारच थोडे नमुने वाचले गेले, काकाजींचा वाचला गेला नाही आणि आता वाचता येणार नाही. त्या काळात त्या गावात जे फिरत होते त्यावरून अंदाज करता येईल, पण तो अंदाजच. काकू म्हणाल्या, "म्हणजे सदाशिव का सखाराम, ते कळणार नाही." वही त्यांनी पुन्हा बांधून दिली.

परत आल्यावर आम्ही आधारपत्रावरील पत्ता बदलून घेतला. सेक्टर ३२, चंदीगड. नवे पत्र टपालाने आले त्याच आठवड्यात आमच्या बदलीचा हुकूम निघाला.